चौदा इंचांची वाट

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी ६ वाजून १० मिनिटं

आईच्या शेकाच्या पिशवीसाठी पाणी तापत ठेवलं आहे. ते होईपर्यंत ओट्यावर वही ठेवून लिहितो आहे. आत्ताच टेप घेऊन बाहेर जाऊन आलो. दोन गाड्यांच्या मधलं अंतर चौदा इंच. आईच्या वॉकरची रुंदी बावीस इंच. दोनदा मोजलं.

आमच्या दारासमोर फूटपाथ नाही. पायरी उतरली की रस्ता. शेजारच्या काकांच्या दोन्ही गाड्या आमच्या भिंतीला इतक्या चिकटून उभ्या असतात की बाहेर पडायला त्या दोघींच्या मधली फटच तेवढी उरते. काका ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दिवसभर ‘क्लच! क्लच!’ ओरडतात, म्हणून गल्लीत त्यांना सगळे क्लचवाले म्हणतात. स्वतःच्या दारासमोर ते गाडी लावत नाहीत. तिथे लावली तर स्कूलची पाटी झाकली जाते.

काल दुसऱ्यांदा सांगून पाहिलं. “काका, आईला मंगळवार, गुरुवार, शनिवार व्यायामाला न्यावं लागतं. रिक्षा दारापर्यंत येत नाही.”

“अरे, मग गाड्या काय खिशात घालून झोपू?” ते म्हणाले. “रस्ता सगळ्यांचा आहे.”

मी मागे फिरलो. मला ऐनवेळी कधीच बोलता येत नाही. घरी आल्यावर सगळी उत्तरं सुचतात.

आई म्हणाली, “जगाला गाडी लावायला शिकवतो, आणि स्वतः लावतो ती अशी. लोकाला सांगे ब्रह्मज्ञान!”

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वॉकर मी बॉनेटवरून पलीकडे नेला. आईला दोन्ही काखांत धरून आडवी सरकवत होतो, तेवढ्यात तिचा पदर नंबरप्लेटीत अडकला. ती मधेच बंपरवर बसली. खुब्याचं हाड बसवून सात आठवडे झाले आहेत. तोंड पांढरं पडलं होतं, तरी म्हणाली, “मलाही मागे ‘शिकाऊ चालक’ची पाटी लाव. म्हणजे लोक जरा लांबून जातील.”

मी हसलो नाही. शेजारचं दार वाजवलं. काका एका शिकणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीवर शिकवायला गेले होते. त्यांची बहीण आली. ती वर्षभरापासून इथेच राहते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणतो. ती म्हणाली, “या गाडीची किल्ली आहे घरात, पण लायसन्सशिवाय हात लावलेला दादाला चालत नाही. चौदा तारखेला माझी टेस्ट आहे. पास झाले ना, की मीच रोज काढून देईन, शप्पथ.”

तिला शाळेच्या व्हॅनवर काम मिळणार आहे. लहान मुलांना आणायचं-सोडायचं. एक मार्चला लायसन्स हातात असलं पाहिजे, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं आहे. “भावाच्या घरी आणखी किती दिवस पोळ्या लाटू?” ती म्हणाली आणि मग माझ्याबरोबर आईला रिक्षापर्यंत धरून आली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज दुकानात एक गोष्ट केली. लिहू की नको असं झालं आहे, पण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलेलं आहे.

आमचं दुकान बोर्डाचं. नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, आणि पालिकेची कामं निघतात तेव्हा रस्त्यावरचे बोर्ड. शाळा मी नववीत सोडली, पण शुद्धलेखनाचं पुस्तक अजून गल्ल्याशेजारी ठेवतो. मालक म्हणतात, याच्या हातून बोर्ड गेला की गिऱ्हाईक परत येत नाही, म्हणजे तक्रार घेऊन.

मागे एक गोल पत्रा कडेला चिरलेला म्हणून बाजूला पडला होता. पाट्यांवर चिकटवायच्या चमकदार लाल फिल्मचा तुकडा उरलेला होता. मालक जेवायला गेल्यावर त्यातून बोर्ड कापला. ‘येथे वाहने उभी करू नयेत.’ खाली बारीक अक्षरांत पालिका आणि आदेश क्रमांक. क्रमांकाशिवाय बोर्ड खरा वाटत नाही. पण मला खोटा आकडा सुचेना. जो लिहीन तो खऱ्या कुठल्यातरी आदेशाचा निघाला तर, अशी भीती वाटली. शेवटी खिशात आईचा दवाखान्याचा केसपेपर होता, त्यावरचा टाकला. ३१०७/ब.

पत्रा आणि फिल्म भंगारातलीच होती. तरी चोरी ती चोरी.

रविवार, ९ फेब्रुवारी

भर दुपारी दोन वाजता दारासमोरच्या खांबावर बोर्ड लावला. दुकानाचं नारिंगी जाकीट घातलं, शिडी घेतली. रात्री लावला असता तर चोर ठरलो असतो. दुपारी कोणी विचारत नाही. हे मला कामावरून माहीत आहे.

एकट्या क्लचवाल्यांनी विचारलं. बनियनवर बाहेर आले. “हे काय रे? आमच्या गल्लीत?”

मी म्हणालो, “काम आलंय.”

एवढंच म्हणालो. कोणाकडून आलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण खोटं ते खोटंच.

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी शिडी धरली. “तू पगारी माणूस, तुझा काय दोष. सांभाळून. खालची पायरी सैल आहे.” वर पाणीही आणून दिलं.

खाली उतरल्यावर माझे पाय थरथरत होते. ते म्हणाले, “उंचीची भीती वाटते होय तुला?” मी हो म्हणालो. हे आणखी एक.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रिक्षा दारात आली. आई वॉकर घेऊन सरळ चालत गेली, कोणी धरलं नाही. रिक्षात बसल्यावर मागे वळून खांबाकडे बघत होती. संध्याकाळी खिडकीत चष्मा लावून बसली आणि म्हणाली, “अक्षर सुरेख आहे हो. आणि तो आकडा मी कुठेतरी वाचलाय.”

“सरकारी आकडे सगळे सारखेच दिसतात,” मी म्हणालो.

“असेल बाई.”

हल्ली ती विसरायला लागली आहे असं वाटतं. डॉक्टरांना विचारायला हवं.

क्लचवाले आता एक गाडी मागच्या मैदानाशी लावतात आणि चालत येतात. गुडघा धरून चालतात. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे हे मला माहीत नव्हतं. माणूस सतत गाडीतच दिसला तर कसं कळणार? दुसरी गाडी गॅरेजात आहे, तिची क्लचप्लेट गेली. आई म्हणाली, “वैद्याच्या घरी खोकला.”

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी सव्वाआठ. मी खिडकीत दात घासत होतो. ताईची टेस्ट नऊला. काकांनी गाडी मैदानावरून आणून आमच्या दारासमोर उभी केली. तिने शेवटचं एकदा रिव्हर्स घेऊन दाखवलं, चांगलं घेतलं. मग दोघं कागद घ्यायला आत गेले.

गाड्या उचलणारा ट्रक आमच्या गल्लीत कधी येत नाही. मोठ्या रस्त्यावरून जाताना त्यांना बोर्ड दिसला असणार. लाल रंग लांबून दिसतो, मी चांगली फिल्म वापरली होती. दोन माणसं उतरली, पट्टे लावले, पुढची चाकं उचलली. मला वाटतं चार मिनिटं लागली. चार मिनिटांत मी बाहेर जाऊन ‘बोर्ड माझा आहे, खोटा आहे’ म्हणू शकलो असतो. निदान शेजारचं दार वाजवू शकलो असतो. तोंडात फेस होता. मी चूळ भरायला आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा ताई रस्त्याच्या मधोमध उभी होती. हातात प्लास्टिकची फाइल. काका गुडघा विसरून ट्रकमागे कोपऱ्यापर्यंत पळाले.

टेस्टला स्कूलचीच, शिकवणाऱ्याच्या पायाखालीही पॅडल असलेली गाडी लागते. ती सोडवून आणेपर्यंत साडेअकरा झाले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पुढची तारीख १९ मार्च. त्याआधीची मिळत नाही.

मी दिवसभर नंबरप्लेटा कापल्या. एकही चुकली नाही. याचीच लाज वाटते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

संध्याकाळी क्लचवाले कागद घेऊन आले, मागे ताई. मला वाटलं, कळलं यांना. पण ते म्हणाले, “पालिकेला अर्ज द्यायचाय. नोटीस नाही, सूचना नाही, आणि बोर्ड लावतात? कोणत्या आदेशानं? आमचं लिहिणं म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. तू लिही.”

“मी कशाला? मी नववी नापास...”

“तू लावलास ना बोर्ड? मग तुलाच त्यातलं कळतं.”

पलंगावरून आई म्हणाली, “लिही रे. शुद्ध लिही.”

तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

मी लिहिलं. वाईट लिहायचं मनात आलं होतं, म्हणजे अर्ज तिथेच पडून राहिला असता. पण हात ऐकेना. दोन मसुदे केले. ‘सदर फलकावरील आदेश क्र. ३१०७/ब ची प्रत मिळावी, ही विनंती.’ ताई म्हणाली, “त्यात माझं पण घाला ना. एक तारखेला काम होतं, ते जाणार म्हणून.” ते घातलं. ‘अर्जदाराच्या भगिनीचे उपजीविकेचे साधन’ असं लिहिलं. तिने वाचून विचारलं, “हे मी का?” आणि हसली. काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पोरगं हिरा आहे.”

रात्री जेवलो नाही. आईनेही विचारलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आईला व्यायामाला सोडून काकांबरोबर पालिकेत गेलो. त्यांनीच ओढून नेलं. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला, रजिस्टर काढलं, मागची दोन काढली. ३१०७/ब कुठेच नाही.

“नाहीये ना?” काका म्हणाले.

“नोंद नाही,” कारकून म्हणाला. “पण बोर्ड आहे ना? बोर्ड आहे म्हणजे आदेश असणार. नोंद राहिली असेल. आधीचे साहेब तसेच होते.”

“म्हणजे?”

“म्हणजे नियमित करून घेऊ. तुमचा अर्ज आलाच आहे, आता उत्तर द्यावं लागणार. कागद पूर्ण नको का?”

मी तिथे उभा होतो. काका घसा फोडून भांडत होते आणि कारकून शांतपणे लिहीत होता. मी “साहेब” म्हणालो. त्याने वर बघितलं. मी विचारलं, “पेन मिळेल का?” त्याने पेन दिलं. मला पेनाचं काहीच काम नव्हतं. परत केलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी दुकानात मालकांनी कागद पुढे टाकला. “पालिकेचं काम. पाच बोर्ड, अर्जंट. नमुना तुमच्याच गल्लीत लागलेला आहे म्हणे.” मग चष्म्यावरून बघत राहिले. “आपण कधी लावला रे तो?”

मी म्हणालो, “आठवत नाही.”

ते उठले. मागच्या कोपऱ्यात, पत्रे ठेवतो तिथे जाऊन आले. मग म्हणाले, “काप.”

पाच कापले. प्रत्येकावर ३१०७/ब.

घरी आलो तर आमच्या बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पिवळा पट्टा मारलेला. आज आईला आणणाऱ्या रिक्षावाल्याने गल्लीत शिरायलाच नकार दिला. त्याच्या भावाला असल्याच पट्ट्यावर थांबला म्हणून दंड झाला होता. आई कोपऱ्यापासून चालत आली. एकशे बारा पावलं, तिने मोजली. वाटेत तीनदा थांबली. तिसऱ्या वेळी ताईने बाहेर खुर्ची आणली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आई म्हणाली, “माझा केसपेपर आण.”

मी आणला. तिने तो मांडीवर ठेवला, उघडला नाही. “माझ्या नावावर सरकारी हुकूम निघाला आणि मला विचारलंही नाही!”

मी खाली बसलो.

“पहिल्याच दिवशी ओळखलं मी. तुझा ‘भ’ जगात दुसरा कोणी काढत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने केसपेपरची कड बोटाने सरळ केली. मग म्हणाली, “रिक्षा दारात येत होती ना.”

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “त्या पोरीची गाडी नेली तेव्हा मीही जागीच होते. तुला हाक मारणार होते. मारली नाही.” आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला वळायला त्रास होतो, तरी वळली.

रविवार, २ मार्च

काल एक तारीख होती. व्हॅन दुसराच माणूस चालवत होता, मी पाहिली.

आज सकाळी दहा वाजता शेजारी गेलो. काका पायरीवर बसून पॅडलचं रबर बदलत होते. ताई कपडे वाळत घालत होती. मी पाठ करून गेलो होतो, पण क्रम चुकला. आधी चौदा इंच सांगितले, मग बावीस, मग पत्रा, मग केसपेपर, शेवटी बोर्ड.

क्लचवाले ओरडले नाहीत. त्यांना चिडूनही न ओरडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, “मी शिडी धरली होती रे तुझी.”

“हो.”

“एवढा त्रास होता तर सांगायचंस ना मला!”

“सांगितलं होतं, काका. दोनदा.”

ते रबराकडे बघत राहिले. “खिशात घालू का म्हणालो होतो,” असं स्वतःशीच म्हणाले. मग उठले आणि आत गेले. दार लावलं नाही, पण परत आले नाहीत.

ताई ओला कपडा हातात घेऊन उभी होती. “त्या दिवशी तू खिडकीत होतास. मी बघितलं. मला वाटलं, याला कळलं नसेल काय चाललंय.”

“कळलं होतं,” मी म्हणालो.

“बाहेर का नाही आलास?”

मी म्हणालो, “तोंडात फेस होता.” खरं तेच होतं, पण म्हटल्यावर ऐकवेना.

ती म्हणाली, “रडू नकोस हं. तू रडलास तर मला तुझी समजूत काढावी लागेल, आणि मला ती काढायची नाही.”

मी रडलो नाही. मग तिने सांगितलं: उद्या पालिकेत जाऊन लेखी दे. मग शाळेत जा आणि मुख्याध्यापिकाबाईंना तुझ्या तोंडाने सांग. मी सांगितलं तर बहाणा वाटेल. आणि मार्चचा माझा पगार बुडाला, तो तू द्यायचा. पूर्ण.

मी लगेच हो म्हणालो.

“आनंद झाल्यासारखं काय म्हणतोस?” ती म्हणाली. “पैसे दिले की फिटलं असं नाहीये ते.”

मंगळवार, ४ मार्च

काल आधी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “आठवडाभराने सांगितलंस. मी रोज वाट बघत होतो.” आता पालिकेचं काम माझ्याकडे नाही. नंबरप्लेटा आहेत. काढून टाकलं नाही.

पालिकेत कारकुनाने माझा कबुलीजबाब वाचला आणि खिडकीतून परत सरकवला. “घेऊन जा. हा घेतला तर तुमच्यावर कारवाई, आणि नोंद मीच केली म्हणून माझ्यावरही. आता आदेश खरा आहे. खरा आदेश खोटा कसा करायचा?” मी कागद पुन्हा आत सरकवला. असं तीनदा झालं. मागे रांग होती. शेवटी शिक्का मारून पोच दिली. कारवाई काय होईल माहीत नाही. पट्टा पुसला जाईल का, तेही माहीत नाही.

शाळेत बाई म्हणाल्या, एप्रिलपासून दुसरी व्हॅन निघाली तर बघू. निघेलच असं नाही. ताईला तसंच सांगितलं, वाढवून नाही.

आज आईला न्यायचं होतं. पावणेनऊला क्लचवाल्यांनी गाडी आमच्या दारात आणली, पट्ट्यावरच. इंजिन चालू ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. आईला म्हणाले, “बसा, मावशी. चालत्या गाडीला कोणी उचलत नाही.” आई मागे बसली. ताई शिकाऊ परवान्यावर चालवत होती, काका तिच्या शेजारी, पाय त्यांच्या पॅडलवर. मी विचारलं, “मी येऊ?” काका म्हणाले, “जागा नाही.” आईच्या शेजारी जागा होती.

वॉकर डिकीत ठेवून मी मागे सरलो. गल्लीच्या टोकाला गाडी एकदा बंद पडली आणि इथपर्यंत ऐकू आलं, “क्लच!”

हिशेब

खर्च झालेले:
पत्रा व लाल फिल्म, मालकांना भरले: ३४०
स्क्रू व पट्टी: ६०
पालिका, शाळा येण्याजाण्याचं रिक्षाभाडं: ११०
एकूण ५१०

देणे:
गाडी सोडवण्याचा दंड, काकांना: १,५००
टेस्टची फी पुन्हा, ताईला: ४००
मार्चचा पगार, ताईला: ९,०००
एकूण १०,९००

महिना १,५०० प्रमाणे सात हप्ते, आठवा ४०० चा. पहिला शनिवारी, पगार झाला की. ताईने बजावलं आहे, पाकिटात घालून दाराखालून सरकवायचं नाही. दार वाजवायचं आणि हातात द्यायचं.